शीर्षकात जिल्हा, प्रबंधात नाही

१. एक प्रतिप्रश्न आणि त्यामागचे सर्वमान्य मत

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेच्या संशोधन अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला. लाभार्थींची संख्या दोनशेवर का आणली, असा विरोधकांचा सवाल होता. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी उलट विचारले की, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत? त्यावरून गदारोळ झाला आणि विद्यार्थी संघटना संतापल्या. पण पवारांवर तुटून पडलेल्यांपैकी कितीतरी जण खासगीत तेच बोलतात. वऱ्हाडातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये विषय काढून बघा. पोरे नोकरीसाठी पीएच.डी. करतात, इकडून तिकडून उचलून पाने भरतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी मुळात संशोधनाचा वकूबच नसतो, ही तीन वाक्ये चहा संपायच्या आत ऐकू येतील.

हेतू खोटा, माल चोरीचा आणि डोके बेताचे, असे हे निदान आहे. ते मला उथळ वाटते. आपले प्रबंध उत्तम असतात म्हणून नव्हे. बहुतेक प्रबंध वाचवत नाहीत हे खरेच आहे. पण रोग ओळखण्यात चूक झाली की औषधही भलतेच दिले जाते.

माझे म्हणणे असे आहे. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या विषयांतले आपले प्रबंध पहिल्याच पानावर कोसळतात, कारण त्यांचा प्रश्न उसना असतो. अकोल्याचा विद्यार्थी शीर्षकात अकोल्याचे नाव घालतो; अकोल्याला मात्र काही विचारत नाही. दुसरीकडे तयार झालेले विधान अकोल्यालाही लागू पडते, एवढेच दाखवून तो मोकळा होतो. हे तो आळसाने करत नाही. विषय मंजूर करण्याची, माहिती गोळा करण्याची आणि पदवी देण्याची आपली रीतच त्याला तिथे नेऊन सोडते. तेव्हा दुरुस्ती या रीतीची करायला हवी.

२. तिन्ही कारणे तोकडी का पडतात

आधी हेतू पाहू. विद्यार्थी नोकरीसाठी पदवी मिळवतो, हा आरोप करणाऱ्यांनी नियमांचा इतिहास आठवावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार विद्यापीठीय विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य होणार होती. ती मुदत २०२३ पर्यंत लांबली आणि २०२३ मध्ये अटच उठली. नेट किंवा सेट पुरेशी ठरली. तासिका तत्त्वावर शिकवून घर चालवणाऱ्या माणसाला पाच वर्षे असे टांगून ठेवायचे आणि मग तू ज्ञानासाठी शिकत नाहीस म्हणून त्यालाच हिणवायचे, हा न्याय नव्हे. शिवाय हेतूवरून संशोधनाची प्रत ठरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून. त्या करारामुळे त्यांच्या अभ्यासाचा कस कमी झाला नाही.

दुसरे कारण चोरीचे. २०१८ पासून वाङ्मयचौर्याचे नियम आहेत, सॉफ्टवेअर आहे, दहा टक्क्यांची मर्यादा आहे. सॉफ्टवेअर शब्दांची जुळणी मोजते. वाक्ये उलटीपालटी करून तीच गोष्ट सांगितली की प्रबंध चाळणीतून सुटतो. प्रश्न कुणाचा आहे, हे तपासणारे यंत्र अजून निघालेले नाही. त्यामुळे दहा टक्क्यांच्या आत बसलेला प्रबंधही आतून पूर्ण उसना असू शकतो.

तिसरे कारण वकुबाचे, आणि हे सर्वांत पोकळ. अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या शेतकरी कुटुंबातले पंजाबराव देशमुख विलायतेत गेले, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगम-विकासावर प्रबंध लिहून आले आणि १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून उभे राहिले. धर्माचा अभ्यास आणि धर्मातल्या अन्यायाशी झगडा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. आजचा विद्यार्थीही काही कच्चा नसतो. तेल्हारा किंवा पातूर तालुक्यातून आलेल्या एम.ए.च्या मुलाला जिल्हा परिषदेच्या कुठल्या गटात कोणता समाज किती आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कोणाकडून फुटला, हे सगळे तोंडपाठ असते. संशोधनासाठी ही मोठी पुंजी आहे. पण प्रबंध लिहायला बसताना ती तो घरी ठेवून येतो. का ठेवतो, हा खरा प्रश्न आहे.

३. साचा कसा तयार होतो

पहिला टप्पा विषयनिवडीचा. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा ‘पेट’ झाली, कोर्सवर्क झाले, आता सिनॉप्सिस द्यायचा. विद्यार्थी जुन्या प्रबंधांची यादी चाळतो. एका जिल्ह्यातल्या महिला सरपंचांच्या भूमिकेवर प्रबंध झालेला असतो, दुसऱ्या जिल्ह्यावरही झालेला असतो. हा तिसरा जिल्हा घेतो. आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे, विचारणा होते, नवीन काय? उत्तर तयार असते की, या जिल्ह्यात असा अभ्यास यापूर्वी झालेला नाही. जिल्हा बदलला की नावीन्य आले, असे सगळ्यांनी मिळून मान्य केलेले असते.

दुसरा टप्पा गृहीतकृत्याचा. ते असे लिहिले जाते की खोटे ठरूच नये. उदाहरणार्थ, ‘आरक्षणामुळे ग्रामपंचायतीत महिलांचा सहभाग वाढला आहे.’ त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून एक तृतीयांश जागा राखीव केल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. कायद्यानेच ज्या खुर्च्या स्त्रियांना दिल्या, त्यांवर स्त्रिया बसल्या आहेत हे सिद्ध करायला पाच वर्षे कशाला हवीत?

तिसरा टप्पा प्रश्नावलीचा. तीनशे उत्तरदाते, होय, नाही, सांगता येत नाही. सरपंचबाईंच्या ओसरीवर विद्यार्थी बसला आहे. ‘ग्रामपंचायतीचे निर्णय आपण स्वतः घेता काय?’ बाजूच्या खाटेवर नवरा बसलेला आहे. बाई त्याच्याकडे न पाहता म्हणतात, हो. रकान्यात खूण होते. तेवढ्यात ग्रामसेवकाचा फोन येतो. तो नवरा उचलतो, उद्या किती वाजता यायचे ते ठरवतो आणि बाईंना सांगतो की, उद्या सही करायची आहे. अभ्यासाचा विषय त्या दोन मिनिटांत समोर घडून गेला. पण प्रश्नावलीत त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून तो प्रबंधात आला नाही. उलट ‘७२ टक्के महिला स्वतः निर्णय घेतात’ अशा थाटाचे एखादे वाक्य आणि त्याखाली रंगीत वर्तुळ तेवढे आले.

चौथा टप्पा दुसऱ्या प्रकरणाचा. ‘जिल्ह्याची भौगोलिक व ऐतिहासिक पार्श्वभूमी’ हे प्रकरण प्रत्येक प्रबंधात असते आणि ते गॅझेटियरवरून उतरते. पूर्णा नदी येते, काळी जमीन येते, कापूस येतो, नरनाळा किल्ला येतो. पुढच्या एकाही प्रकरणात त्यांचा उपयोग होत नाही. नदी असती काय, नसती काय, निष्कर्ष तेच निघाले असते. जिल्ह्याची ही सजावट काढून टाकली तरी प्रबंधाला काही इजा होत नाही, यावरूनच तो जिल्ह्याविषयी नाही हे कळते.

पाचवा टप्पा सूचनांचा. शासनाने जनजागृती करावी, प्रशिक्षण द्यावे, योजनांची प्रभावी अंमलबजावणी करावी. या सूचना प्रबंधाच्या आधीही ठाऊक होत्या.

या पाच टप्प्यांत कोणीही लबाडी केलेली नाही. विद्यार्थ्याने मेहनत घेतली, गाईडने सह्या केल्या, समितीने नियम पाळले, बाहेरच्या परीक्षकाने व्हायवा घेतली. सगळे रीतसर झाले आणि हाती काही लागले नाही.

४. अकोल्याला विचारण्याजोगे चार प्रश्न

उसना प्रश्न सोडला तर हाताशी काय उरते, असे कोणी विचारील. या एका जिल्ह्यातलेच चार विषय पुढे ठेवतो.

(अ) अकोला पॅटर्न. बौद्धांबरोबर माळी, धनगर, बंजारा, कोळी अशा विखुरलेल्या समाजांची मोट बांधून सत्ता मिळवण्याचा जो प्रयोग प्रकाश आंबेडकरांनी ऐंशीच्या दशकापासून इथे केला, त्याला राज्यभर हे नाव मिळाले. मूर्तिजापूरचे मखराम पवार, अकोला पूर्वचे हरिदास भदे, बाळापूरचे बळीराम सिरस्कार हे आमदार त्यातून निवडून आले. जिल्हा परिषद दीर्घकाळ हाती राहिली. स्वतः आंबेडकर १९९८ आणि १९९९ मध्ये इथून लोकसभेवर गेले. त्यानंतर २००४ ते २०२४ अशा पाचही निवडणुकांत ही जागा भाजपकडे राहिली.

याचे सर्रास दिले जाणारे कारण मतविभाजनाचे आहे. ते आकड्यांवर घासून पाहू. २०१९ मध्ये भाजपच्या संजय धोत्रे यांना सुमारे ५.५४ लाख, आंबेडकरांना २.७९ लाख आणि काँग्रेसच्या हिदायत पटेल यांना २.५४ लाख मते होती. दोघांची बेरीज ५.३३ लाख, म्हणजे एकत्र येऊनही भाजपपेक्षा कमीच. २०२४ मध्ये भाजपच्या अनुप धोत्रे यांना ४.५७ लाख, काँग्रेसच्या अभय पाटील यांना ४.१६ लाख आणि आंबेडकरांना २.७७ लाख. आता दोघांची बेरीज ६.९३ लाख होते आणि भाजप फार मागे पडतो. एकच स्पष्टीकरण एका निवडणुकीत खोटे आणि दुसरीत खरे वाटते. काँग्रेसची मते दीड लाखाहून अधिक वाढली, भाजपची लाखाच्या आसपास घटली आणि मधल्या पाच वर्षांत देशभर एवढे राजकारण होऊनही आंबेडकरांचा आकडा जेमतेम दोन हजारांनी हलला. हा स्थिर आकडा कोणाचा आहे? त्यात दोन्ही वेळा तेच मतदार आहेत, की काही गेले आणि तितकेच नवे आले?

याहून चांगले कोडे पुढे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये जिल्ह्यातल्या पाचही विधानसभा जागांवर आंबेडकरांची वंचित बहुजन आघाडी हरली. जानेवारी २०२० मध्ये जिल्हा परिषदेत तीच सर्वांत मोठा पक्ष ठरली. तीनच महिने, तेच ग्रामीण मतदार, निकाल वेगळे. गटात उमेदवाराची ओळख चालते आणि मतदारसंघ मोठा होत गेला की धर्म आणि देशपातळीवरचे नेते वरचढ ठरतात, असा तर्क करता येतो. लहान जातींची युती लहान मतदारसंघातच का टिकते, हा प्रश्न अकोल्यातून निघाला तरी त्याचे उत्तर बिहारपासून तमिळनाडूपर्यंत उपयोगी पडेल. आणि त्यासाठी लागणारी बूथनिहाय आकडेवारी, म्हणजे फॉर्म २०, निवडणूक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट आहे.

आणखी एक पेच. राज्यभर सध्या मराठा विरुद्ध ओबीसी या चौकटीत बोलले जाते. वऱ्हाडात कुणबी हा शेतजमीन, सहकार आणि शिक्षणसंस्था हाती असलेला समाज आहे आणि तो ओबीसी यादीतही आहे. म्हणजे इथला वर्चस्वाचा झगडा बराचसा ओबीसींच्या आतला आहे. मराठवाड्यातली चौकट उचलून इथे लावली की हाच भाग दिसेनासा होतो. आपल्या प्रबंधांत तो दिसत नाही, याचे कारण हेच.

(आ) खारपाणपट्टा आणि वानचे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून नऊशेच्या आसपास गावे खारपाणपट्ट्यात येतात. बोअर घेतली तर मचूळ पाणी, ते शेतीला चालत नाही आणि पिण्याला तर नाहीच. किडनीच्या आजारांची भीती आणि मुली द्यायला कचरणारे सोयरे, हे या गावांचे रोजचे बोलणे. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांना वान धरणातून पिण्याचे पाणी देण्याची योजना आली, तेव्हा तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी सिंचनाच्या हक्काच्या पाण्यासाठी विरोध केला. योजनेला स्थगिती मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारे पाणी सोबत घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले.

या भांडणात दोन्हीकडे त्याच जाती आहेत, बऱ्याच अंशी तेच पक्ष आहेत. इथे माणसे जातीने विभागलेली नाहीत. धरणाच्या कोणत्या बाजूला आपले शिवार आहे, यावरून विभागली आहेत. जात हाच आपल्या राजकारणाचा पाया मानणाऱ्या सिद्धान्ताची मर्यादा तपासायला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. एवढे तीव्र दुःख असूनही त्यावर निवडणूक का फिरत नाही, हे कोणी तपासले तर लोकशाहीविषयी काही नवे कळेल.

(इ) ‘विदर्भ’ हे एकक. प्रादेशिक असमतोलावरच्या प्रबंधांत विदर्भ हा एक अखंड प्रदेश असतो. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला आणि इथे रयतवारी बसली. नागपूरकडे मालगुजारी होती. १९०२ च्या कायमच्या भाडेपट्ट्यानंतर १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार यांत हा प्रदेश महाराष्ट्राशी कोणत्या अटींवर जोडायचा याची घासाघीस झाली. पुढे १९८४ च्या दांडेकर समितीने अनुशेष मोजला आणि सिंचनाचा अनुशेष अमरावती विभागात रेंगाळत राहिला. खातेदार थेट सरकारला सारा भरत होता त्या मुलखात आणि मधे मालगुजार होता त्या मुलखात स्वतंत्र विदर्भाची मागणी एकाच कारणासाठी पुढे आली असेल काय? पूर्व आणि पश्चिम विदर्भ वेगळे करून ही मागणी तपासली तर तिच्यातले बरेच गूढ उकलेल.

(ई) अकोली जहाँगीर. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या या गावात शेतकरी संघटनेने बंदी असलेले एचटीबीटी, म्हणजे जनुकबदल केलेल्या कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. कायद्यात तेव्हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती, हे ठाऊक असून पेरले. सामाजिक चळवळींच्या पाठ्यपुस्तकांत शेतकरी जागतिकीकरणाच्या विरोधात आणि तंत्रज्ञानाच्या संशयात उभा असतो. इथे तो गांधींचा सविनय कायदेभंग वापरून बाजाराचे आणि तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागतो. पुस्तकातल्या कप्प्यात हे बसत नसेल तर कप्पा बदलायला हवा, आणि तो बदलण्याचा पहिला अधिकार अकोल्याच्या विद्यार्थ्याचा आहे.

५. एका जागेवरून सिद्धान्त निघतो

स्थानिक निरीक्षणातून मोठे विधान उभे राहते, याचे दाखले आपल्याकडेच आहेत. पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर असलेल्या आल्फ्रेड लायलने १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले आणि दोन वर्षांनी वऱ्हाडातल्या देवदेवता, पीर, समाध्या यांच्या निरीक्षणावरून हिंदू धर्म कसा घडत राहतो यावर निबंध लिहिला. विलायतेतल्या विद्वानांनी तो गांभीर्याने घेतला. त्याच्या साम्राज्यवादी चष्म्याशी आपले भांडण असू द्या. पण परका अधिकारी वऱ्हाडाला प्रश्न विचारून सिद्धान्त मांडतो आणि वऱ्हाडातला विद्यार्थी गॅझेटियरमधली माहिती दुसऱ्या प्रकरणात उतरवून थांबतो, हा फरक झोंबला पाहिजे.

‘प्रभुत्वशाली जात’ ही आपल्या प्रबंधांतली लाडकी संकल्पना एम. एन. श्रीनिवास यांना म्हैसूरकडच्या रामपुरा या एका खेड्यात सापडली. आपण ती घेतो, कुणब्यांना लावतो आणि पुढे जातो. रामपुऱ्यात जमीन, संख्या आणि मान ज्या प्रकारे एकत्र आले होते तसे ते अकोटला एकत्र आहेत काय, हे कोणी विचारत नाही.

प्रश्न बदलल्याने काय होते याचा उत्तम नमुना म्हणजे डॉ. आंबेडकरांचा १९१८ चा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध. लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतलेल्या सत्तावीस वर्षांच्या अभ्यासकाने तो लिहिला. शेतीचे तुकडे एकत्र कसे करावेत, यावर सगळे वाद घालत होते. आंबेडकरांनी विचारले, जमीन लहान आहे ती कशाच्या मानाने? भांडवल आणि अवजारे यांच्या मानाने पाहिले तर आहे तेवढीच जमीन जास्त ठरते, आणि शेतीवरचा रिकाम्या हातांचा बोजा उद्योगांकडे वळवल्याशिवाय उपाय नाही, असे त्यांनी दाखवले. प्रश्न फिरवला आणि सगळी चर्चा दुसऱ्या रस्त्याला लागली.

गेल ऑम्व्हेट यांनी बर्कलेत १९७३ मध्ये सादर केलेला प्रबंधही विद्यार्थीदशेतलाच. राष्ट्रवादाचा इतिहास काँग्रेसभोवती लिहिला जात असताना त्यांनी सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळ केंद्रस्थानी आणली आणि विस्मरणात चाललेले मराठी कागद उकरून काढले. ते कागद आपल्याच ग्रंथालयांत धूळ खात होते.

६. चार आक्षेप

*पहिला आक्षेप : हे कूपमंडूक संशोधन होईल.* उलट आहे. तुलना करायची तर आधी आपल्या जागेचे वेगळेपण नेमके माहीत हवे. अकोल्यातली लहान जातींची युती समजली तर तिची तुलना कांशीराम यांच्या उत्तर प्रदेशातल्या प्रयोगाशी करता येईल. आज दोन्हीकडे तेच विधान चिकटवलेले असल्याने तुलनेला काही उरतच नाही. प्रश्न गावचा असावा, उत्तर गावाबाहेर चालावे.

*दुसरा आक्षेप : साधने नाहीत.* महागडी साधने लागतातच कुठे? फॉर्म २० आहे. जिल्हा परिषदेची इतिवृत्ते आहेत. न दिल्यास २००५ चा माहिती अधिकार आहे. नागपूरला पुराभिलेखागार आहे. शहरातल्या जुन्या वाचनालयांत वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. कृषी विद्यापीठ अकोल्यातच आहे, पाणी आणि जमीन तपासणारे शास्त्रज्ञ तिथे बसतात. समाजशास्त्राचा विद्यार्थी त्यांच्याकडे क्वचितच जातो. तीनशे प्रश्नावल्या छापून, वाटून, भरून घेण्याचा खर्च याहून जास्त होतो.

*तिसरा आक्षेप : विद्यार्थ्याला वेळ नाही, घर चालवायचे आहे.* हा आक्षेप करुणेपोटी येतो, म्हणून त्याला मान दिला पाहिजे. पण उसना प्रश्न वेळ वाचवतो हा भ्रम आहे. ज्याचे कुतूहल नाही तो विषय वर्षानुवर्षे रखडतो आणि शेवटी दोन महिन्यांत उरकला जातो. स्वतःच्या गटातल्या निवडणुकीवर लिहिणारा माणूस रविवारीही काम करतो. आणि पुढे मुलाखतीत ‘तुम्ही काय शोधले’ या प्रश्नावर तो गप्प बसत नाही.

*चौथा आक्षेप : असे प्रश्न अंगाशी येतात.* हा सगळ्यांत वजनदार आहे. अनेक शिक्षणसंस्था राजकीय घराण्यांच्या आहेत. तासिका तत्त्वावरचा विद्यार्थी त्याच संस्थेत शिकवतो, गाईड तिथेच नोकरीला आहे, आणि आपण सांगतो आहोत की स्थानिक सत्तेवर लिही. महिला सरपंचांची भूमिका हा विषय शंभरदा का निवडला जातो, याचे एक उत्तर इथे आहे: त्याने कोणी दुखावत नाही. या भीतीवर माझ्याकडे पूर्ण इलाज नाही. पण थोडी वाट आहे. व्यक्तींऐवजी आकडे आणि कागदपत्रे यांवर उभा असलेला अभ्यास वाचवणे सोपे जाते. १९६२ ते १९९० हा काळ घेतला तर बरेच हितसंबंध थंड झालेले असतात. आणि विद्यार्थ्यावर दबाव आल्यास त्याच्या बाजूने उभे राहण्याचे काम विद्यापीठाचे आहे. त्यासाठी विद्यापीठ असते.

७. काय बदलावे

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले ते आजच्या पाच जिल्ह्यांच्या या मुलखासाठी. पुढच्या चार गोष्टी त्याला आणि त्याच्यासारख्या कुठल्याही विद्यापीठाला नवा निधी न मागता करता येतील.

एक, आरआरसीने नावीन्याचा रकाना काढून त्या जागी एकच प्रश्न ठेवावा: हा प्रबंध यशस्वी झाला तर आज सगळे खरे मानतात असे कोणते विधान डळमळेल? उत्तर देता आले नाही तर विषय परत पाठवावा. जिल्हा बदलणे हे उत्तर मानू नये.

दोन, खोटे ठरू शकत नाही असे गृहीतकृत्य नामंजूर करावे. आणि प्रश्नावलीची अलिखित सक्ती संपवावी. बूथनिहाय निकाल, इतिवृत्ते, न्यायालयीन कागद, दीर्घ मुलाखती, डोळ्यांनी पाहून लिहिलेल्या नोंदी यांना तोच दर्जा द्यावा.

तीन, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात स्थानिक मराठी साहित्य सक्तीचे करावे. समित्यांचे अहवाल, स्थानिक दैनिके, चळवळींची पत्रके, या. मा. काळे यांचा १९२४ मधला ‘वऱ्हाडचा इतिहास’ हे न वाचता वऱ्हाडावर प्रबंध लिहिता येऊ नये.

चार, पदवीआधी एक जाहीर मांडणी अभ्यासाच्या तालुक्यात व्हावी आणि वीस पानांचा मराठी सारांश तिथल्या वाचनालयात ठेवावा. वानच्या पाण्यावरचा प्रबंध तेल्हाऱ्याच्या आणि बाळापूरच्या लोकांपुढे मांडावा लागणार असेल, तर तो लिहिणारा आधीच दहादा तपासून लिहील. बाहेरचा परीक्षक जे विचारणार नाही ते तिथला शेतकरी विचारील.

यातले पहिले पाऊल तर उद्याच्या बैठकीतही टाकता येईल. गाईडनी आपल्या पुढच्या विद्यार्थ्याला शीर्षक देऊ नये. त्याला विचारावे की, तुझ्या तालुक्यातली अशी कोणती गोष्ट आहे जी पुस्तकात लिहिल्यासारखी घडत नाही? तो गोंधळेल, महिनाभर परत येणार नाही. आला की त्याच्या हातात काय आहे ते पाहावे, आणि तेच मंजूर करून घेण्यासाठी आरआरसीत त्याच्या बाजूने भांडावे.